तायक्वांदो वर्गांतील सराव, लढत आणि बेल्ट परीक्षा : एक चिकित्सा

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरात तायक्वांदोचे वर्ग आता सर्वपरिचित झाले आहेत. सिडको-हडको, गारखेडा, उस्मानपुरा अशा वसाहतींतील शाळांची सभागृहे, अपार्टमेंटच्या पार्किंगच्या जागा आणि उद्याने यांत सकाळ-संध्याकाळ पांढऱ्या गणवेशातील मुले-मुली रांगेत उभी राहून लाथांचा सराव करताना दिसतात. उन्हाळी सुटीतील शिबिरे तर मराठवाड्याच्या उन्हामुळे पहाटेच भरवावी लागतात. शालेय क्रीडा स्पर्धांत आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांत या खेळाचा समावेश असल्याने महाविद्यालयांशीही त्याचा थेट संबंध येतो. असे असूनही या खेळाविषयी मराठीत जे लेखन आढळते ते बहुतांशी पदकांच्या बातम्यांचे किंवा परिचयपर स्वरूपाचे असते. वर्गात काय शिकवले जाते, लढतीतून काय तपासले जाते आणि बेल्ट परीक्षेतून नेमके काय प्रमाणित केले जाते, याची चिकित्सा क्वचितच होते.

सराव, लढत आणि परीक्षा ही या शिक्षणाची तीन अंगे होत. सरावाने घडवावे, लढतीने तपासावे आणि परीक्षेने त्या तपासणीची नोंद करावी, असा त्यांचा परस्परसंबंध अभिप्रेत आहे. आज हा संबंध अनेक वर्गांत तुटला असून परीक्षा ही उरलेल्या दोहोंपासून स्वतंत्र झाली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हे सर्वेक्षण नव्हे. एक प्राध्यापक आणि पालक या नात्याने केलेल्या निरीक्षणांवर व उपलब्ध नियमांवर आधारलेली ही मांडणी आहे.

या मांडणीला निमित्त झालेला एक प्रसंग नमूद करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी शहरातील एका बेल्ट वितरण समारंभास प्रस्तुत लेखक प्रमुख पाहुणा म्हणून उपस्थित होता. रांगेतील एक नऊ-दहा वर्षांची मुलगी आईला हळूच सांगत होती की, परीक्षेत तिला अर्धा आकृतिबंध आठवलाच नव्हता आणि ती मधेच थांबली होती. थोड्याच वेळात तिचे नाव पुकारले गेले. तिच्या हाती नवा बेल्ट देताना तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा गोंधळ अधिक होता. समारंभानंतर प्रशिक्षकांना अनुत्तीर्णांची संख्या विचारली असता, "सर, आपल्याकडे नापास कोणी होत नाही," असे उत्तर अभिमानाने मिळाले. त्या दिवशी दिलेल्या प्रत्येक बेल्टला प्रस्तुत लेखकाचाही हात लागला होता, हे येथे मान्य केले पाहिजे.

बेल्ट पद्धतीचा इतिहास

बेल्टची पद्धत प्राचीन आहे, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. जपानमध्ये ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना 'दान' ही श्रेणी प्रथम दिली आणि पुढे काही वर्षांनी या श्रेणीच्या खेळाडूंनी काळा पट्टा बांधण्याची प्रथा सुरू झाली. विविध रंगांचे पट्टे हे तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात रूढ झालेले तंत्र आहे. काळ्या पट्ट्यापर्यंतची दीर्घ वाटचाल छोट्या टप्प्यांत विभागली की विद्यार्थी टिकून राहतात, हा त्यामागचा व्यवहार्य विचार होता.

तायक्वांदो हे नाव कोरियात १९५५ मध्ये पुढे आले. १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ आणि १९७३ मध्ये जागतिक तायक्वांदो महासंघ स्थापन झाला. सोल येथील कुक्कीवॉन ही केंद्रीय संस्था १९७२ मध्ये उभी राहिली. १९८८ व १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक स्वरूपात आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकाचा खेळ म्हणून त्याला स्थान मिळाले. भारतात जिमी जगतियानी यांच्या प्रयत्नांतून १९७० च्या दशकाच्या मध्यास हा खेळ रुजू लागला.

या इतिहासातील एक बाब चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कुक्कीवॉनच्या व्यवस्थेत काळ्या पट्ट्याच्या 'दान' श्रेणी (पंधरा वर्षांखालील मुलांसाठी 'पूम') केंद्रीय पातळीवर नोंदवल्या जातात. त्यांच्यासाठी किमान कालावधीही ठरलेला आहे : पहिल्या दानवरून दुसऱ्यासाठी एक वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्यासाठी दोन वर्षे, तिसऱ्यावरून चौथ्यासाठी तीन वर्षे, याप्रमाणे. मात्र त्याखालील 'गुप' श्रेणी, म्हणजे पांढऱ्यापासून लाल बेल्टपर्यंतचा संपूर्ण प्रवास, मुख्यतः त्या त्या वर्गाच्या प्रशिक्षकाच्या विवेकावर सोपवलेला आहे. बहुसंख्य विद्यार्थी ज्या टप्प्यावर असतात, तोच टप्पा बाह्य तपासणीविना राहतो.

सराव : पाठांतर की आकलन?

सामान्य वर्गातील तासाची रचना बहुधा ठरलेली असते. धावणे व शरीर मोकळे करणे, ताणाचे व्यायाम, मूलभूत पवित्रे, अडवणूक आणि ठोसे, पॅडवर लाथा आणि अखेरीस 'पूमसे', म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध क्रमाने करावयाच्या हालचालींचा आकृतिबंध. रंगीत बेल्टसाठी 'तेगुक' मालिकेतील आठ पूमसे नेमलेले आहेत आणि काळ्या पट्ट्यानंतर 'कोर्यो'पासून पुढची मालिका सुरू होते.

पूमसेचे शैक्षणिक मूल्य नाकारता येणार नाही. शरीराचा तोल, श्वासाची लय, वळताना कंबरेचा उपयोग आणि एकाग्रता ही त्यातून साधली जाते. तथापि पूमसे हे व्याकरण होय, संभाषण नव्हे. व्याकरणाचे नियम पाठ असलेला विद्यार्थी भाषा बोलू शकेलच असे नाही, हे आपण भाषाशिक्षक जाणतोच. अनेक वर्गांत परीक्षेपूर्वीचे दोन-तीन आठवडे केवळ नेमलेला पूमसे घोटण्यात जातात. ही अडवणूक कोणत्या हल्ल्याविरुद्ध आहे, येथे वजन मागच्या पायावर का ठेवायचे, हे विचारल्यास विद्यार्थ्याला सांगता येत नाही. परीक्षा झाल्यावर मागील पूमसे विसरला जातो व पुढचा सुरू होतो. आपल्या महाविद्यालयांतील 'अपेक्षित प्रश्नसंच' आणि हा सराव यांतील साम्य सहज ध्यानात यावे.

लढत : सत्याचा क्षण आणि त्याच्या मर्यादा

लढत, म्हणजे 'क्योरुगी', हे या खेळाचे असे अंग आहे की जेथे प्रशिक्षकाची शिफारस किंवा पालकांची फी उपयोगी पडत नाही. समोरचा विद्यार्थी आपल्या सोयीने हालचाल करीत नाही. अंतर ओळखणे, लाथ चुकल्यावर स्वतःला सावरणे, मार बसल्यावरही डोळे उघडे ठेवणे आणि प्रतिस्पर्धी दुर्बळ असल्यास स्वतःला आवरणे, या गोष्टी लढतीतच शिकता येतात. संयम हा तायक्वांदोच्या शपथेतील शब्द असेल, पण त्याची परीक्षा आपल्याहून लहान मुलासमोर उभे राहिल्यावरच होते.

तथापि स्पर्धात्मक लढतीलाही स्वतःच्या मर्यादा आहेत. गुणांकनातील वादांमुळे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये छातीच्या कवचात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये शिरस्त्राणातही ती बसवली गेली. २०२० च्या टोकियो ऑलिंपिकच्या (प्रत्यक्ष आयोजन २०२१) नियमांनुसार धडावरील ठोशाला १, धडावरील लाथेला २, डोक्यावरील लाथेला ३, तर वळून मारलेल्या लाथेला धडावर ४ आणि डोक्यावर ५ गुण होते. या व्यवस्थेने पंचांचा पक्षपात कमी झाला. पण खेळाची शैलीही बदलली. पुढचा पाय अधांतरी ठेवून, जणू तलवारबाजी करीत, कवचाला स्पर्श मिळवण्याकडे खेळाडूंचा कल वाढला. परिणामी नियमांत वारंवार दुरुस्त्या कराव्या लागल्या. तात्पर्य असे की, जे मोजले जाते तेच शिकवले जाते.

स्थानिक वर्गांची अडचण याच्या अगदी उलट आहे. तेथे यंत्रणा नाही, मॅट अपुरे आहेत आणि चेस्ट गार्ड व हेड गार्ड यांचे दोन-चार संच अनेकांत फिरवले जातात. त्यामुळे स्पर्धेसाठी निवडलेल्या मोजक्या मुलांखेरीज इतरांच्या वाट्याला नियमित लढत येतच नाही. परीक्षेच्या दिवशी त्यांना जोडीने उभे केले जाते. एक मिनिटभर दोघेही हवेत लाथा मारतात आणि नमस्कार करून बाजूला होतात. यामागे इजेची भीती असते आणि ती रास्तही आहे. वाढत्या वयातील मुलांच्या डोक्यावर आघात होऊ देणे कदापि समर्थनीय नाही. परंतु त्यावरचा उपाय लढत टाळणे हा असू शकत नाही. डोक्यावरील लाथ वर्ज्य करून, वजन व उंची जुळवून, पूर्ण संरक्षक साधनांसह हलक्या स्पर्शाची लढत दर आठवड्यास घेणे शक्य आहे. त्यासाठी खर्चापेक्षा वेळेची आणि लक्ष देण्याची गरज अधिक आहे.

बेल्ट परीक्षा : मूल्यमापन की समारंभ?

परीक्षेचे घटक सामान्यतः मूलभूत तंत्रे, पूमसे, लढत आणि वरच्या श्रेणींसाठी फळी किंवा कौले फोडणे हे असतात. यांपैकी शेवटचा घटक प्रेक्षकांवर सर्वाधिक छाप पाडतो आणि सर्वांत कमी माहिती देतो. कौलांच्या थरांमध्ये पट्ट्या ठेवून अंतर सोडले की ती एकामागून एक फुटत जातात. फळी तंतूंच्या दिशेने सहज दुभंगते. हे पदार्थविज्ञान आहे, त्यात गैर काहीच नाही. मात्र त्यावरून प्रावीण्याचा निष्कर्ष काढणे अयोग्य ठरते.

दहाव्या गुपपासून पहिल्या गुपपर्यंत नऊ बढत्या होतात आणि त्यापुढे काळ्या पट्ट्याची परीक्षा येते. दर तीन महिन्यांनी परीक्षा घेतल्यास आठव्या वर्षी प्रवेश घेतलेले मूल अडीच वर्षांत, म्हणजे साडेदहाव्या वर्षी, काळ्या पट्ट्याच्या परीक्षेस पात्र होते. हा वेग अशक्य नाही, पण तो सर्वांना सारखाच कसा लागू पडतो, हा खरा प्रश्न होय. साठ मुलांच्या वर्गात साठही मुले एकाच गतीने प्रगती करतात, असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही.

याचे मूळ अर्थव्यवहारात आहे आणि त्यासाठी केवळ प्रशिक्षकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. प्रशिक्षकाला ना वेतन आहे, ना निवृत्तिवेतन. मासिक फी वाढवली की मुले शेजारच्या वर्गात जातात. अशा स्थितीत परीक्षा फी, प्रमाणपत्र आणि बेल्ट हेच उत्पन्नाचे भरवशाचे साधन उरते. मूल अनुत्तीर्ण झाले तर पालक नाराज होतात आणि बहुधा वर्ग सोडतात. शिकवणारा, परीक्षक आणि फी घेणारा या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्यावर तिच्याकडून कठोर निकालाची अपेक्षा करणे म्हणजे तिने स्वतःच्या उपजीविकेविरुद्ध निकाल द्यावा असे म्हणणे होय.

याबाबतीत आपण प्राध्यापकांनी फार वरच्या पट्टीत बोलू नये. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आपणही आपल्याच विद्यार्थ्यांना देतो, आणि प्रवेशसंख्या घटू लागलेल्या विषयांत ते कसे दिले जातात हे आपणांस ठाऊक आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ एका खेळाचा न राहता मूल्यमापनाच्या विश्वासार्हतेचा होतो.

प्रमाणपत्राचे मोल आणि स्वसंरक्षणाचा दावा

बेल्टच्या प्रमाणपत्राभोवती पालकांत दोन गैरसमज आढळतात. पहिला सवलतींविषयीचा आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेतील क्रीडा गुण किंवा शासकीय सेवेतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण (शासन निर्णय २००५, सुधारित निर्णय २०१६) हे मान्यताप्राप्त स्पर्धांतील सहभाग व यशाशी निगडित आहे. बेल्टच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. स्पर्धांचे क्षेत्रही वादातीत नाही. २०२५ मध्ये उत्तराखंडात झालेल्या ३८ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत काही वजनगटांचे निकाल लढतींपूर्वीच ठरवल्याचे आरोप झाले आणि तायक्वांदो स्पर्धेचे संचालक ऐनवेळी बदलण्यात आले. खालच्या पातळीवर 'सगळेच उत्तीर्ण' ही सवय जडली की वरच्या पातळीवरील निकालावरचाही विश्वास डळमळतो.

दुसरा गैरसमज अधिक गंभीर आहे. समग्र शिक्षा अभियानांतर्गत शासकीय शाळांतील मुलींसाठी तीन महिन्यांचे राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण राबवले जाते. मुलीने सभागृहात उभे राहून मोठ्या आवाजात 'नाही' म्हणायला शिकणे, हा त्याचा मोलाचा लाभ आहे. खासगी वर्गही 'मुलींसाठी स्वसंरक्षण' अशीच जाहिरात करतात. परंतु जिने कधी स्पर्शाची लढत अनुभवलेली नाही, जिचा हात कोणी जोराने धरलेला नाही, तिच्या कमरेला बांधलेला वरचा बेल्ट तिला खोटा आत्मविश्वास देतो. चुकीचे गुण मिळालेल्या विद्यार्थ्याचे नुकसान पुढील परीक्षेत भरून निघू शकते. येथे मात्र चुकीच्या प्रमाणपत्राची किंमत एखाद्या निर्मनुष्य रस्त्यावर मोजावी लागू शकते. समारंभातील त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा गोंधळ म्हणूनच विसरता येत नाही. आपल्याला येत नाही, हे तिला कळले होते. आपण सर्वांनी मिळून तिला ते विसरायला लावले.

आपल्या परंपरेतील दोन मापे

या प्रश्नाचा विचार करताना महाराष्ट्रातील दोन परंपरा मार्गदर्शक ठरतात. पहिली तालमीची. लाल मातीतल्या पैलवानाला पट्टा नसतो. जत्रेच्या फडात रेवड्यांच्या कुस्त्यांपासून मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत त्याची जोड कोणाशी लागते, यावरून त्याची पायरी ठरते. ती जोड पंच आणि जाणते प्रेक्षक पाहत असतात. हरलेल्या पोराला वस्ताद दुसऱ्या दिवशी पुन्हा मातीत उतरवतो. हरणे हा तेथे अपमान मानला जात नाही, तो तालमीचा भाग असतो.

दुसरी परंपरा संगीताची. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंतच्या परीक्षांनी संगीत मध्यमवर्गीय घरांत पोहोचवले. परीक्षा देऊन गवई होत नाही, ही टीका त्यावर झालीच. तरीही या पद्धतीत शिकवणारा गुरू आणि परीक्षा घेणारी संस्था यांना वेगळे ठेवण्याचे तत्त्व होते. बेल्ट परीक्षेला तालमीतील जोड आणि संगीत परीक्षेतील बाह्य परीक्षक यांपैकी किमान एकाचा तरी आधार हवा. अनेक ठिकाणी आज दोन्हींचा अभाव आहे.

प्रतिवाद

लहान मुलांना अनुत्तीर्ण केल्यास ती खेळच सोडतील, असा आक्षेप घेतला जाईल. मोबाइलच्या पडद्यापुढून उठून मूल मैदानावर आले, हेच पुष्कळ नाही काय? या आक्षेपात तथ्य आहे. रंगीत बेल्टची निर्मितीच उत्साह टिकवण्यासाठी झाली, हे वर नमूद केलेच आहे. परंतु उत्साह टिकवणे आणि प्रावीण्य प्रमाणित करणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिल्यासाठी शाबासकी, सहभागाचे प्रशस्तिपत्र किंवा दोन मुख्य रंगांमधील मधल्या पायऱ्या पुरेशा आहेत. दुसऱ्यासाठी 'अजून नाही' असे म्हणण्याची मुभा अपरिहार्य आहे. मूल सहसा अपयशाने खचत नाही. ते खचते अपयशाच्या जाहीर उच्चाराने आणि घरी होणाऱ्या तुलनेने. निकाल खाजगीत सांगितला, उणीव दाखवली आणि महिन्याभराने पुन्हा संधी दिली, तर तेच मूल अधिक निष्ठेने सराव करते, असा कोणत्याही अनुभवी शिक्षकाचा अनुभव असेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी सुचवाव्याशा वाटतात. एक, हिरव्या बेल्टपासून पुढच्या प्रत्येक परीक्षेस दुसऱ्या वर्गाचा प्रशिक्षक परीक्षक असावा. शहरातील प्रशिक्षकांनी परस्परांचे परीक्षक होण्यास विशेष खर्च येत नाही. दोन, पुनर्परीक्षेसाठी फी आकारू नये, म्हणजे अनुत्तीर्ण करण्यात कोणाचाही आर्थिक हेतू राहणार नाही. तीन, प्रत्येक विद्यार्थ्याची सराव-वही असावी आणि ठरावीक संख्येच्या नियंत्रित लढतींची नोंद त्यात असल्याशिवाय परीक्षेस बसू देऊ नये. चार, स्वसंरक्षणाचा दावा करणाऱ्या वर्गांनी पकड सोडवणे, पळ काढणे आणि मदत मागणे यांचा प्रत्यक्ष सराव स्वतंत्रपणे घ्यावा. पाच, महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण विभागांनी मॅट, संरक्षक साधने व बाह्य परीक्षक उपलब्ध करून देऊन या वर्गांशी शैक्षणिक नाते जोडावे.

यांतील पाचवी सूचना आपल्याशी थेट संबंधित आहे. असे समारंभ भरतात तेव्हा प्रमुख पाहुणे म्हणून बहुधा आपल्यापैकीच कोणास बोलावले जाते. हार स्वीकारून बेल्ट वाटण्याआधी 'परीक्षा कोणी घेतली?' आणि 'कितीजणांना पुन्हा यावयास सांगितले?' हे दोन प्रश्न विचारण्याचे दायित्व आपले आहे. ते न विचारता दिलेल्या बेल्टवर आपलीही स्वाक्षरी असते.